टोपलीतला पंचनामा

वारलूभाऊनं शेवटी अंगठा दिला आणि मोहाची एकशे बारा झाडं वाचली.

हे वाक्य ज्यांनी वाचलं असेल त्यांनी ते जागच्या जागी परत ठेवून द्यावं. असं काही झालेलं नाही. साल एकोणीसशे चौपन्न, महिना चैत्र, सकाळचे आठ वाजलेत. बोडीटोल्याच्या मोहाईत निस्तार साहेबांचं टेबल मांडून झालंय आणि एकशे बाराच्या एकशे बारा बुंध्यांवर तोडीचे शिक्के उठलेले आहेत. सोळा माणसं कुऱ्हाडी घेऊन पलीकडच्या सावलीत बसली आहेत. त्यातला एक जण कानशीनं पातं घासतोय. अंगठ्याबद्दल अजून कोणी काही बोललेलंच नाही.

मोहाई म्हणजे मोहाची राई. आमचं गाव आलापल्ली आणि मुलचेरा यांच्या मधोमध, म्हणजे दोन्हीकडून सारखंच गैरसोयीचं. घरं चाळीस. घरातला तांदूळ आषाढात संपतो. पुढचं धान हाती येईपर्यंत गाव वाळवलेल्या मोहफुलांवर आणि टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलावर निघतं. आता ही झाडं तोडून तिथे साग लावायचा ठरला होता. साग चांगला असतो. सरळ वाढतो, वाळवीला दाद देत नाही आणि साठ वर्षांनी त्याचं टेबल होतं. तोवर आषाढात काय खायचं, एवढाच प्रश्न होता.

ठेकेदाराचा मुकादम नथ्थू. नथ्थू काही वाईट माणूस नव्हता. आमच्याच गावचा जावई. सासऱ्याच्या वाट्याची चार झाडं त्याला ओळखू येत असल्यामुळे ती सगळ्यात शेवटी तोडायची, एवढं त्यानं नात्याखातर कबूल केलं होतं. साहेबांनी कागदावर सही केली की सुरुवात करायची, असा त्याला हुकूम होता.

साहेब नागपूरहून आलेले. सज्जन गृहस्थ. नुकतेच हिवतापातून उठलेले, कुनैनीनं कान वाजत असल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे. गावानं जंगलातून काय काय घ्यायचं, म्हणजे सरपण, गवत, बांबू, फुलं, या सगळ्याला कागदावर निस्तार म्हणतात. कोणत्या गावाचा कुठे कुठे निस्तार आहे हे नव्यानं लिहून काढायला सरकारनं त्यांना पाठवलं होतं. त्यांच्याकडे एक छापील तक्ता होता. डाव्या रकान्यावर लिहिलं होतं, ‘इंग्रजी अमलात गावास मिळालेले हक्क’. उजव्यावर, ‘इंग्रजी अमलात गावाकडून काढून घेतलेले हक्क’.

आता माझी चूक सांगतो. मी गावचा मास्तर. वय एकवीस, पण बापानं नाव गुणवंतराव ठेवल्यामुळे पाळण्यातच पन्नाशीचा झालो. या तक्त्याची सूचना महिनाभर आधी आली तेव्हा गावात ती मी एकट्यानं वाचली आणि एकट्यानंच समजून घेतली. मला वाटलं, स्वराज्य आलंय, सरकारला आता इंग्रजाविरुद्ध तक्रारी हव्या आहेत. मी एकसष्ट तक्रारी तयार केल्या. घरागणिक दीड. शाळा सुटल्यावर मोठ्या माणसांना बसवून पाठ करून घेतल्या. इतवारीकाकाला बेगार, सोमारीकाकूला कोंडवाडा, असं ज्याच्या तोंडाला जे बसेल ते. हजेरीसुद्धा घेतली.

त्यामुळे त्या दिवशी गाव झकास बोललं. एकही अडखळला नाही. साहेब उजव्या रकान्यात लिहीत गेले. रकाना भरला, तेव्हा पुरवणी जोडली. वरून मोहाची फुलं टपटप कागदावर पडत होती, ती साहेब एकेक उचलून बाजूला ठेवत होते. दहा वाजता एकसष्टावी तक्रार झाली. साहेबांनी कागद सरळ केला आणि डाव्या रकान्याकडे बघितलं.

‘‘आणि इंग्रजानं दिलेलं?’’

‘‘काईच नाई, साहेब,’’ गाव एका सुरात म्हणालं. हेही मीच शिकवलं होतं. माझी छाती भरून आली.

‘‘काहीच नाही?’’

‘‘काईच नाई.’’

साहेबांनी दौतीला झाकण लावलं. ‘‘मग माझा इलाज नाही, मास्तर. नियम असा आहे की डाव्या रकान्यात जे असेल ते गावाला पुढे चालू ठेवायचं. उजवा रकाना माहितीसाठी आहे.’’

मी म्हणालो, ‘‘म्हणजे साहेब, इंग्रजानं जे दिलं ते स्वराज्यात मिळणार. आणि इंग्रजानं जे लुटलं ते?’’

‘‘त्याबद्दल सरकारला सहानुभूती आहे,’’ साहेब म्हणाले. खरंच होती. त्यांचा चेहरा उतरला होता.

पलीकडे कानस थांबली. नथ्थू उठून उभा राहिला आणि त्यानं धोतराचा काचा मारला. चाळीस घरांनी माझ्याकडे बघितलं. मी वर बघितलं. वर फक्त मोह होता.

‘‘बारा वाजता माझी जीप निघते,’’ साहेब म्हणाले. ‘‘तोवर इंग्रजी अमलातला एखादा कागद आणा. एकच चालेल. त्यात ही राई गावची आहे एवढं लिहिलेलं हवं. मी आनंदानं डाव्या रकान्यात घालतो.’’

‘‘साहेब, तुमच्या दप्तरात असेल की.’’

‘‘होतं. एका पावसाळ्यात वाळवी लागली.’’

दोन तास. गावात कागद म्हणावं असं काय होतं, तर माझी हजेरी आणि देवळातलं एक पंचांग.

बाजूला स्टुलावर जाफर मुन्शी बसले होते. इंग्रजाच्या काळात आमच्या नाक्यावरचं जंगलखात्याचं सगळं लिखाण त्यांच्या हातचं. आता पेन्शन घेऊन आलापल्लीला राहत. जुने मुनारे, म्हणजे जंगलाच्या हद्दीचे दगडी बुरूज, ओळखायला साहेबांनी त्यांना बरोबर आणलं होतं. एकसष्ट तक्रारी त्यांनी डोळे मिटून ऐकल्या होत्या. आता डोळे उघडले.

‘‘सडक कोनीच नाई सांगितली,’’ मुन्शी म्हणाले. ‘‘इतकं बोलले लोक. एकानं तरी म्हनावं, सडक बांधली साहबानं.’’

‘‘कोनं बांधली?’’ समोरच्या गर्दीतून आवाज आला. वारलूभाऊ. वय साठीच्या आतबाहेर, अंगात बाराबंदी, कधीच न काढलेली.

‘‘साहबानं.’’

‘‘साहबाच्या हातात छत्री होती, मुन्शी. कुदळ माह्या हातात होती. तीन पावसाळे.’’

‘‘पन नकाशा त्याचा ना.’’

‘‘नकाशा त्याचा. गिट्टी आमी फोडली. अन सडक झाल्यावर तिच्यावरून काय गेलं, तं आमचाच साग.’’

‘‘अन कुनैन? कुनैन नसती तं तू आज इथी बसून वाद घालत राह्यला नसतास, मियाँ.’’

‘‘ताप काऊन आला गा? बेगारीत दलदलीत उभं केलं म्हनून. आधी ताप द्यायचा, मंग पुडी द्यायची, अन वर म्हनायचं उपकार झाले.’’

‘‘काय म्हणताहेत?’’ साहेबांनी कान पुढे केला.

‘‘सडक आणि कुनैन, साहेब,’’ मी म्हणालो.

‘‘ते निस्तारात येत नाही,’’ साहेब म्हणाले आणि स्वतःची एक पुडी काढून पाण्याबरोबर घेतली.

वारलूभाऊ कोण ते सांगायला हवं, कारण आमच्या गावात स्वातंत्र्य म्हणजे वारलूभाऊच. तीस साली जंगल सत्याग्रह झाला तेव्हा ते विळा घेऊन राखीव जंगलात शिरले आणि एक भारा गवत कापलं. पकडले गेले. मुन्शींनी पंचनामा लिहिला, गोऱ्या साहेबानं समोर धरला आणि म्हणाला, गुन्हा कबूल, लाव अंगठा. वारलूभाऊ म्हणाले, गवत आमचं, चोरी नाई केली, अंगठा नाई. साहेबानं नाक्याच्या ओसरीत वेताचा एक फटका दिला आणि पुन्हा विचारलं. असं चार वेळा झालं. शाईची गादी हातात धरून जाफर मुन्शी शेजारी उभे होते. अंगठा काही मिळाला नाही. खटला रेंगाळत गेला आणि कोर्टानं मग फाल्गुनात अंगठ्याशिवायच तीन महिने दिले.

दर पंधरा ऑगस्टला आम्ही वारलूभाऊंना गावातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसवायचो आणि ते शाळेच्या पोरांना आपला उजवा अंगठा दाखवायचे. दुसरं काही बोलायचे नाहीत. पोरं टाळ्या वाजवायची. कोऱ्या अंगठ्याला टाळ्या मिळवणारा मी पाहिलेला हा एकच माणूस.

अकरा वाजले. कोणी पंचांग घेऊन आलं होतं. साहेबांनी ते सभ्यपणे चाळून परत केलं. नथ्थूच्या माणसांनी सुती दोरी धरून पहिली रांग ठरवायला घेतली.

तेवढ्यात मुन्शी स्टुलावरून उठले. घाईनं उठले, म्हणून स्टूल पडलं.

‘‘मी लिहिलं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘साहब, मी लिहिलं आहे ते. या मोहाईचं नाव.’’

‘‘कशात?’’

‘‘वारलूच्या पंचनाम्यात. गवत कुठून कापलं ते लिहावं लागते ना. कोर्टात वकील विचारतो, जागा राखीव कशावरून? म्हनून मी पावलं मोजून लिहिलं, गावच्या निस्तारी मोहाईपासून चाळीस पावलं पुढे, मुनारा नंबर सतराच्या आत. ‘निस्तारी’ शब्द माह्या हाताचा. गोऱ्या साहबानं वाचून खाली सही केली.’’

साहेबांनी दौतीचं झाकण काढलं. ‘‘ही सही मला चालेल. कागद कुठे आहे?’’

‘‘नकल आरोपीच्या घरी देत असू. मी रुखमाबाईच्या हातात दिली होती.’’

सगळं गाव रुखमाबाईकडे वळलं. रुखमाबाई म्हणजे वारलूभाऊंची बायको. त्या सकाळपासून एका झाडाखाली फुलं वेचत होत्या. तक्रारी चालू असतानाही वेचत होत्या, कारण फुलं काही तक्त्यासाठी थांबत नाहीत.

‘‘बाई, तो कागद,’’ मी म्हणालो.

‘‘आहे ना,’’ त्या म्हणाल्या.

‘‘कुठे?’’

त्यांनी हातातल्या टोपलीकडे बघितलं. मग टोपली लुगड्याच्या पदरावर उलटी केली. फुलं बाहेर आली. टोपलीच्या तळाला आतून शेणाचा जुना, कडक, काळपट लेप होता.

‘‘याच्याखाली,’’ त्या म्हणाल्या.

झालं होतं असं. वारलूभाऊ जेलात गेले तेव्हा घरात दोन पोरं आणि ही एक टोपली. त्याच महिन्यात उंदरांनी टोपलीचं बूड कुरतडलं. फुलं पडायला लागली होती. नवी टोपली विणणारा बुरूडही सत्याग्रहात आत गेलेला. आमच्याकडे टोपली फाटली की चिंचोक्याच्या खळीनं आतून कागद डकवतात आणि वरून शेणानं सारवतात. घरात कागद एकच होता. जाड होता. रुखमाबाईंनी तो डकवला. त्यानंतर तेवीस वर्षं दर चैत्रात त्याच्यावर नवं शेण.

साहेबांनी टोपली टेबलावर घेतली. आत डोकावले. त्यांच्या नोकरीत हे नवीन असावं. ‘‘पाणी लावलं तर शाई जाईल,’’ ते म्हणाले.

‘‘माही शाई नाई जात,’’ मुन्शी म्हणाले. ‘‘हिरडा अन हिराकस. लोखंडी तव्यात आटवलेली. शेन जाईल, टोपली जाईल, तुमी-आमी जाऊ, शाई नाई.’’

साडेअकरा. रुखमाबाईंनी तांब्यातलं पाणी चार बोटांवर घेतलं आणि लेप चोळायला सुरुवात केली. कडेपासून गोल गोल, मधे मधे येत. शेण भिजलं की खरवडायचं, मग पुन्हा भिजवायचं. कानस बंद होती. नथ्थू स्वतः कुऱ्हाड खाली ठेवून डोकवायला आला होता, आणि त्याला कोणी मागे सरक म्हणालं नाही. एका जागी बोट जोरात लागलं आणि कागदाचा तुकडा शेणाबरोबर उठला. मुन्शी ‘‘हळू, बाई’’ म्हणाले. रुखमाबाई म्हणाल्या, ‘‘माही टोपली आहे, मुन्शीजी.’’

मग अक्षर आलं. काळंभोर. आधी ‘सतरा’. मग ‘मोहाई’. मग त्याच्या मागे, वळणदार, जरा जास्तच नटवलेलं, ‘निस्तारी’.

मुन्शींनी टोपली हळूहळू फिरवत वाचलं, कारण कागद गोल बसलेला होता आणि ओळी बुडाभोवती वळल्या होत्या. ‘‘बोडीटोल्याचे गावचे निस्तारी मोहाईपासून चाळीस पावले पूर्वेस, मुनारा नंबर सतराचे आत, सरकारी राखीव जंगलात शिरून आरोपीने गवत भारा एक कापला. आरोपीस गुन्हा कबूल आहे.’’ खाली गोऱ्या साहेबाची सही होती. तिच्या खाली लिहिलं होतं, ‘आरोपीचा अंगठा’. आणि त्याच्यापुढे, शेणानं पिवळी पडलेली, रुपयाएवढी रिकामी जागा.

गावानं श्वास सोडला. साहेबांनी सोडला नाही. ते त्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

‘‘अंगठा नाही,’’ ते म्हणाले.

‘‘नाई दिला,’’ वारलूभाऊ म्हणाले. गावातल्या दोन-चार पोरांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या.

‘‘मग हा पंचनामा पुरा नाही. अंगठ्याशिवाय म्हणजे मुन्शींनी एकट्यानं लिहिलेली गोष्ट. वर पाठवला तर परत येईल. झाडं पडल्यानंतर परत येईल.’’

‘‘मी आहे ना साक्षीला,’’ मुन्शी म्हणाले.

‘‘तुम्ही तेव्हा सरकारचे नोकर.’’

‘‘मंग माहा अंगठा घ्या. लिहिलं मी. गादी मीच धरली होती.’’

‘‘तुम्हाला लिहिता येतं, मुन्शीजी. लिहिता येणाऱ्याचा अंगठा चालत नाही. आणि आरोपी हे आहेत.’’

साहेबांनी वारलूभाऊंकडे बघितलं. मग घड्याळाकडे. पंधरा मिनिटं होती. ते खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘अंगठा आत्ता दिला तरी चालेल. कागद तोच आहे.’’

चाळीस घरांनी आता वारलूभाऊंच्या अंगठ्याकडे बघितलं.

‘‘म्या अंगठा देल्ला तं काय होते?’’ वारलूभाऊंनी विचारलं.

‘‘पंचनामा पुरा होतो. मोहाई डाव्या रकान्यात जाते. नथ्थू घरी जातो.’’

‘‘तसं नाई. माह्यं काय होते?’’

‘‘गुन्हा कबूल होतो.’’

‘‘म्हंजे इंग्रजानं मले धरलं ते बराबर.’’

‘‘कागदावर.’’

‘‘अन जंगल त्याचं होतं.’’

‘‘कागदावर.’’

‘‘अन मी चोर.’’

साहेबांनी टाक खाली ठेवला. ‘‘तेही कागदावरच, वारलूभाऊ.’’

‘‘अन मोहाई आमची, ते?’’

‘‘तेसुद्धा कागदावरच,’’ साहेब म्हणाले. ‘‘एकाच.’’

नथ्थू म्हणाला, ‘‘दे ना गा मामा अंगठा. तवा साहेब गोरा होता. हा तं आपलाच आहे.’’

‘‘म्हनून तं,’’ वारलूभाऊ म्हणाले. ‘‘त्या गोऱ्याले ‘नाई’ म्हनता आलं.’’

ते माझ्याकडे वळले. ‘‘मास्तर, तू सांग. तू शिकवलं ना सगळ्यायले. इंग्रजाचा फायदा जास्त का तोटा जास्त?’’

मी एकसष्ट तक्रारींचा बाप. मी म्हणालो, ‘‘भाऊ, कालपर्यंत मला पक्कं माहीत होतं.’’

‘‘अन आज?’’

‘‘आज एकाच कागदावर दोन्ही आहे आणि तो टोपलीला चिकटलाय. सोडवता येत नाही.’’

दहा मिनिटं. जीपच्या ड्रायव्हरनं हँडल मारून इंजिन चालू करून ठेवलं. तो बिचारा फक्त वेळ पाळत होता. त्या आवाजानं सोळा जण उठून उभे राहिले.

वारलूभाऊ जागचे हलले नाहीत. उजवा अंगठा त्यांनी मुठीत दाबून धरला होता, चारी बोटांच्या आत. रुखमाबाई पदरातली फुलं सांभाळत त्यांच्यापुढे येऊन बसल्या.

‘‘तुमी जेलात होते तवा मी या टोपलीनं फुलं वेचली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोरं त्याच्यावर जगली. गाव म्हने, वारलूनं अंगठा नाई देल्ला. मी बी म्हने. मले बी बरं वाटे. पन कोनी असं नाई म्हनलं का टोपली गळली नाई म्हनून.’’

‘‘तू काय म्हनून राह्यली, देऊ?’’

‘‘मी काई नाई म्हनत. अंगठा तुमचा आहे. टोपली माही आहे. मी माही देल्ली.’’

पाच मिनिटं होती तेव्हा वारलूभाऊंनी मूठ उघडली. अंगठा चेपून पांढरा पडला होता. त्यांनी तो धोतराला पुसला. स्वच्छच होता, तरी पुसला.

साहेबांची शाईची गादी उन्हानं वाळून खडखडीत झाली होती. तिच्यावर पाणी टाकलं तर फिकी आली असती. जाफर मुन्शींनी कोटाच्या आतल्या खिशातून एक छोटी बाटली काढली. ‘‘माही शाई,’’ ते म्हणाले. पेन्शनीवरचा माणूस खिशात शाई घेऊन कशाला हिंडतो हे त्यांना कोणी विचारलं नाही. त्यांनी गादी भिजवली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली. त्यांचे हात कापत होते.

‘‘तवा नाई कापले तुमचे हात,’’ वारलूभाऊ म्हणाले.

‘‘तवा बी कापले, भाऊ. तुमची पाठ इकडे होती.’’

टोपली गोल असल्यामुळे अंगठा सरळ बसेना. मी टोपली धरली, वारलूभाऊंनी हात आत घातला, कोपरापर्यंत, जसा उंदराच्या बिळात घालतात तसा, आणि त्या रुपयाएवढ्या जागेवर दाबला. बराच वेळ दाबला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

साहेबांनी डाव्या रकान्यात लिहिलं, ‘मोहाई, झाडे एकशे बारा, पूर्वापार’. नथ्थूला हातानं खूण केली. नथ्थू आपल्या माणसांना घेऊन निघाला. निघताना गर्दीतल्या आपल्या सासूला वाकून नमस्कार करून गेला.

‘‘एक राहिलं,’’ साहेब म्हणाले. ‘‘अंगठ्याखाली तारीख हवी. आजची चालणार नाही. आज इंग्रजी अंमल नाही, त्यामुळे आजचा अंगठा डाव्या रकान्यात बसत नाही. पंचनाम्याचीच तारीख घालावी लागेल.’’ आणि त्यांनी घातली. तीस सालची. मुन्शींच्याच शाईनं. मग टोपली सरकारजमा झाली. ‘टोपली एक, जुनी, शेणासह’ अशी पोच त्यांनी रुखमाबाईंना दिली. बाईंनी ती नीट घडी घालून ठेवली. कागद जाड होता.

बारा वाजून दोन मिनिटांनी जीप गेली.

वारलूभाऊ बराच वेळ बुंध्याला पाठ टेकून बसून होते. फुलं पडायची थांबली होती. मी म्हणालो, ‘‘भाऊ, घरी चला.’’

‘‘मास्तर,’’ ते म्हणाले, ‘‘तारीख कोनती घातली त्यानं?’’

मी सांगितली.

‘‘म्हंजे त्या दिवशीच म्या अंगठा देल्ला होता.’’

‘‘कागदावर.’’

‘‘हो, कागदावर. मंग त्या दिवशी ओसरीत मले फटके कायचे बसले?’’

त्यांनी बाराबंदीचे बंद सोडले आणि पाठ माझ्याकडे केली. गावात ती कोणी पाहिली नव्हती. पंधरा ऑगस्टला ते फक्त अंगठा दाखवत. चार वळ होते. उंदरांनी कुरतडलेल्या बुडासारखे, कडेनं उसवलेले.

‘‘लिही,’’ ते म्हणाले.

त्यांनी सांगितलं आणि मी तिथेच, पाटीवर नव्हे, हजेरीच्या कोऱ्या पानावर लिहिलं. शब्द माझे आहेत, मुद्दा त्यांचा. दर सहा महिन्यांनी एक नक्कल आम्ही वर पाठवतो. खाली सही नाही आणि अंगठाही नाही, कारण या वेळी त्यांनी तो द्यायला साफ नकार दिला आहे.

मेहेरबान साहेबांचे सेवेशी,

अर्जदार वारलू, राहणार मौजे बोडीटोला, जिल्हा चांदा, सविनय अर्ज करतो ऐसा जे, अर्जदारास सन १९३० साली पंचनाम्यावर अंगठा न दिल्याबद्दल वेताचे फटके नग चार देण्यात आले. आता सरकारी दप्तरात दाखल टोपलीवरून असे सिद्ध आहे की अर्जदाराने सदर अंगठा त्याच तारखेस दिलेला होता. सबब सदर चार फटके चुकीने व जादा देण्यात आले असून ते आजतागायत अर्जदाराच्या पाठीवर विनाकारण पडून आहेत. तरी सरकारने सक्षम अधिकारी पाठवून ते मोजून परत घ्यावेत, अर्जदाराची पाठ पूर्ववत करून द्यावी, व फटके पोचल्याची रीतसर पावती मिळावी, ही विनंती.